टेनर की बॅरिटोन? युकुलेले घेण्याआधी वर्गाचा षड्ज शोधा



मागच्या शिक्षण परिषदेत मी पहिली-दुसरीच्या कवितागायनाचा नमुना पाठ घेतला. पाठावर चर्चा होईल म्हणून तयारी करून गेले होते. पण चहाच्या वेळी सगळे प्रश्न आले ते माझ्या गळ्यात अडकवलेल्या चार तारांच्या वाद्याबद्दल. "मॅडम, ही छोटी गिटार केवढ्याला पडली?" "मला येईल का हो? मी तर कधी पेटीलाही हात लावला नाही." "मोबाइलवर टेनर आणि बॅरिटोन असे दोन प्रकार दिसतात, त्यातला कोणता मागवू?" उभ्या-उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून हा लेख.

आधीच सांगते, मी संगीत विशारद वगैरे नाही. डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका. माहेरी भजनी मंडळ होतं, त्यामुळे पेटीच्या पट्ट्या कळतात आणि कोण सुरात आहे, कोण नाही एवढं कानाला समजतं. युकुलेले हातात घेऊन मला दीड वर्ष झालं. तेव्हा हे एका नवशिकीने दुसऱ्या नवशिक्याला सांगितलेले अनुभवाचे बोल समजा.

हे वाद्य वर्गात का आणलं?

खरं कारण घसा. आपल्यापैकी अनेकांचं हेच दुखणं आहे. माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, तेवीस मुलं, वर पत्र्याचं छप्पर. पावसाळ्यात पत्रा वाजायला लागला की साधी सूचनाही ओरडून द्यावी लागते. त्या वर्षी श्रावणात माझा आवाज बसला, तो दिवाळीपर्यंत पूर्ण परत आला नाही. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओरडणं बंद, कुजबुजणंही बंद, गायचंच असेल तर आपल्या पट्टीत आणि हळू. आता तुम्हीच सांगा, पहिलीचा वर्ग आणि गाणं नाही, हे कसं जमायचं? मुलांना अक्षरओळख नंतर होते, आधी कविता तोंडात बसते.

शाळेत पेटी आहे. पण पेटीपुढे मांडी घालून बसलं की एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. मागच्या रांगेत कोण कोणाची पेन्सिल ओढतोय तिकडे उठून जाता येत नाही. मोबाइलवर गाणं लावलं तर मुलं ऐकतात, पण गात नाहीत. शिवाय एखादं मूल एका ओळीवर अडखळलं तरी मोबाइल थांबत नाही, तो पुढे निघून जातो. मला असं काहीतरी हवं होतं की जे गळ्यात अडकवून वर्गात फिरता येईल, मुलांचा सूर धरून ठेवेल आणि मुलं थांबली की थांबेल. गिटारच्या सहा तारा आणि त्यातल्या लोखंडी तारांनी सोलली जाणारी बोटं पाहून ती बाजूला ठेवली. युकुलेलेला चार तारा, त्याही नायलॉनसारख्या मऊ, आणि वजन किलोच्या आत.

थोडी ओळख

हे वाद्य हवाई बेटांचं. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर घेऊन होनोलुलूला पोहोचलं. उसाच्या मळ्यांत काम करायला आलेले हे लोक. त्यांच्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डायस आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. मदेरातली छोटी चार तारांची गिटार त्यांच्या ओळखीची होती. तिच्यावरून हवाईत हे नवं वाद्य तयार झालं. हवाई भाषेत 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी मारणं. वाजवणाऱ्याची बोटं पिसवांसारखी टुणटुण उडतात म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. राजा कालाकाऊआ यांनी त्याला दरबारात जागा दिली आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनानंतर ते अमेरिकाभर पोहोचलं. तिथला मूळ उच्चार 'ऊकुलेले' असा आहे. आपल्याकडे दुकानात मात्र 'युकुलेले' म्हटलं तरच कळतं.

शाळेत हे वाद्य शिकवणं ही काही आपली नवी टूम नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात जे. चाल्मर्स डोन या संगीतशिक्षकाने १९६० च्या दशकाच्या शेवटी शाळाशाळांतून युकुलेले सुरू केला आणि पुढे कॅनडाच्या इतर भागांतही तो पसरला.

याचे मुख्य आकार चार. सोप्रानो साधारण २१ इंच, कॉन्सर्ट २३ इंच, टेनर २६ इंच आणि बॅरिटोन ३० इंच. सोप्रानो सर्वांत स्वस्त, पण मोठ्या माणसाची बोटं त्याच्या पडद्यांवर एकमेकांना ढकलतात आणि आवाजही लगेच विरतो. म्हणून मोठी माणसं बहुतेक वेळा टेनर किंवा बॅरिटोनकडे वळतात. पडदे ऐसपैस असतात आणि तार छेडल्यावर सूर थोडा वेळ टिकतो. वर्गात गाण्याला साथ करायची तर हा टिकणारा सूर फार उपयोगी पडतो.

पेटीच्या भाषेत फरक समजून घेऊ

मोबाइलवर माहिती वाचायला गेलं की जी, सी, ई, ए अशी अक्षरं समोर येतात आणि आपण गोंधळतो. आपण ते पेटीच्या भाषेत मांडू.

टेनरच्या चार मोकळ्या तारा वरून खाली अशा लागतात: पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. आता पांढरी एकला 'सा' माना. काय झालं? प, सा, ग, ध.

बॅरिटोनच्या तारा: पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी तीन. म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारा, जशाच्या तशा. आता इथे पांढरी पाचला 'सा' माना. पुन्हा तेच! प, सा, ग, ध.

हे कळलं त्या दिवशी माझा निम्मा गोंधळ संपला. दोन्ही वाद्यांची सरगम एकच आहे, फक्त षड्जाची जागा बदलते. टेनरचा सहज मिळणारा षड्ज पांढरी एक, बॅरिटोनचा पांढरी पाच.

बोटंही तीच. सर्वांत खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवलं की प, सा, ग, सा असे सूर मिळतात. ही झाली 'सा'ची कॉर्ड, एका बोटाची. टेनरवर तिला सी म्हणतात, बॅरिटोनवर जी. दुसरी कॉर्ड तीन बोटांची, तिच्यात प, रे, म, नी येतात. टेनरवर ती जी सेव्हन, बॅरिटोनवर डी सेव्हन. अनेक साधी बडबडगीतं या दोन कॉर्डमध्येच बसतात. तिसरी दोन बोटांची: ध, सा, म, ध. या तीन आल्या की शाळेचं वर्षभराचं काम चालतं. इंग्रजी अक्षरं बदलतात, सरगम बदलत नाही.

मग षड्ज कोणाचा?

आता खरा प्रश्न. गाणाऱ्या बायकांची पट्टी बहुतेक वेळा काळी चार, काळी पाचच्या आसपास असते. माझी काळी चार. पुरुषांची बहुधा पांढरी एक, काळी एक किंवा काळी दोन. बॅरिटोन हे नाव पुरुषी आवाजाचं, म्हणून वाटतं की हे वाद्य गुरुजींसाठी आणि टेनर बाईंसाठी. षड्ज पाहिला तर उलटं निघतं. बॅरिटोनची पांढरी पाच माझ्या काळी चारच्या अगदी शेजारी, आणि टेनरची पांढरी एक पुरुषांच्या पट्टीजवळ. एकटीने भजन, भावगीत म्हणायचं असतं तर मी डोळे मिटून बॅरिटोन घेतला असता.

पण वर्गात गाणारी मी एकटी नाही. तिथे तेवीस गळे आहेत.

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मी काळी चारमध्ये, हळू आवाजात कविता म्हणायला लागले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. सुरुवातीच्या खालच्या सुरांवर मुलं गात नव्हती, नुसती बोलत होती. सूर वर चढला की गात होती, खाली आला की पुन्हा बोलणं. पहिलीतला एक मुलगा तर सगळी कविता एकाच सुरात, गणिताचा पाढा म्हणावा तशी म्हणायचा. त्याला सूरच नाही असं कोणीही म्हटलं असतं. मग मी पेटीवर एकेका मुलाचा आवाज तपासला. खेळ म्हणूनच. मी पट्टी दाबायची, त्याने 'आ' म्हणायचं. बहुतेक सगळ्यांचा आवाज मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून पांढरी सहा-सातपर्यंत छान निघत होता. पांढरी एकच्या खाली गेलं की आवाज गायब. माझा षड्ज त्यांच्या गळ्यात नव्हताच! तो मुलगा बेसूर नव्हता, त्याच्या गळ्याच्या खाली असलेला सूर मी मागत होते म्हणून तो बोलत होता. पांढरी एकला षड्ज धरून तीच कविता घेतली, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात त्याचा सूर लागला.

म्हणून मी टेनर घेतला. मुलांचा षड्ज पांढरी एक, आणि टेनरवर तोच एका बोटात मिळतो. मी पहिली ओळ हलक्या आवाजात देते, पुढे वाद्य सूर धरून ठेवतं आणि मुलं गातात. माझा घसा गप्प राहतो. ज्या गुरुजींची पट्टी पांढरी एक-काळी एकच्या आसपास आहे त्यांना तर हे आणखी सोपं: ते आपल्या खालच्या सप्तकात गातात, मुलं वरच्या, आणि षड्ज दोघांचा एकच.

बॅरिटोन कोणी घ्यावा?

आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींनी बॅरिटोन घेतला आणि त्यांचाही निर्णय योग्य आहे. ते कॉलेजात असताना गिटार वाजवायचे. बॅरिटोनच्या तारा गिटारसारख्याच लागत असल्याने त्यांना नवीन काही शिकावं लागलं नाही. ते सातवीला शिकवतात. त्या वयात मुलग्यांचे आवाज फुटायला लागलेले असतात, खालचे सूर त्यांना आता सोयीचे होतात. शिवाय बॅरिटोनचा आवाज घुमारेदार, मोठ्या वर्गात भरून राहतो.

त्यांच्याकडूनच मला कॅपोची गंमत कळली. कॅपो म्हणजे तारांवर आडवा बसणारा चिमटा. बॅरिटोनच्या पहिल्या पडद्यावर तो लावला की षड्ज होतो काळी चार. तिसऱ्यावर लावला की काळी पाच. आणि पाचव्यावर लावला की पांढरी एक, म्हणजे बॅरिटोनचा चक्क टेनर होतो! मोकळ्या उरलेल्या तारेची लांबी मात्र साधारण कॉन्सर्टएवढी, १५ इंचांच्या आसपास राहते. उलट टेनरवर कॅपो लावून आपण फक्त वर जाऊ शकतो, खाली नाही. टेनरवर पांढरी पाचच्या पट्टीत गाता येत नाही असं नाही, पण मग पहिलीच कॉर्ड तीन बोटांची होते.

मग तुम्ही म्हणाल, बॅरिटोनमध्ये दोन्ही मिळतंय तर तोच का नाही घेतला? माझी कारणं अशी. ३० इंचांचं वाद्य गळ्यात घेऊन लहान मुलांच्या रांगांतून वळताना ते कोणाच्या तरी डोक्याला लागतं. दुचाकीवर पाठीला अडकवलं की मागे बसणाऱ्याची पंचाईत. बॅरिटोनच्या तारा तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाहीत. आणि एका माजी विद्यार्थ्याने शाळेला दोन सोप्रानो भेट दिले होते, त्यांच्या तारा टेनरसारख्याच लागतात. मी दाखवलेली सी कॉर्ड मुलगी तिच्या सोप्रानोवर धरते तेव्हा दोघींचा सूर एकच निघतो. बॅरिटोन घेतला असता तर तिला एक नाव आणि मला दुसरं, असं झालं असतं.

पैशाचं गणित

मी घेतला तेव्हा टेनर ५७०० रुपयांना पडला, पिशवीसकट. त्याच दुकानात बॅरिटोन ठेवलेला नव्हता, मागवून द्यायचे ९००० च्या पुढे सांगितले. भाव बदलतात, पण साधारण असं दिसतं की कमी किमतीत टेनरला निवड भरपूर मिळते, बॅरिटोनला थोडी. काला, कॉर्डोबा, एन्या ही बाहेरची नावं आणि आपल्याकडचं केडन्स, अशी नावं तुम्हाला दिसतील. नावापेक्षा हातातला नग तपासणं महत्त्वाचं, ते पुढे सांगते.

एक गोष्ट ठाम सांगते. खेळण्यांच्या दुकानात रंगीबेरंगी, काहीशे रुपयांचे युकुलेले मिळतात, ते शिकण्यासाठी घेऊ नका. त्यांच्या खुंट्या सूर धरत नाहीत. मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडणारा सूर खोटा असेल तर ते पैसे वाचवणं कशाला?

लाकडाबद्दल दुकानदार 'सॉलिड' आणि 'लॅमिनेट' असे शब्द वापरतात. सॉलिड म्हणजे अखंड फळी, आवाज सुरेख पण हवेतल्या ओलाव्याने आणि कोरड्या उन्हाळ्याने फुगते-आकसते, तडा जाऊ शकतो. लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवलेली फळी. आवाज किंचित बंद, पण हवामान बऱ्यापैकी सोसते. आपल्या डोंगरी भागातला पावसाळा आणि पत्र्याखालचा उन्हाळा पाहता पहिल्या वाद्याला लॅमिनेटच बरं. ते स्वस्तही असतं. उरलेल्या पैशांत एक चांगला कॅपो, गळ्यात अडकवायचा पट्टा आणि तारांचा एक जादा संच घ्या. ट्यूनरवर खर्च करायची गरज नाही, मोबाइलवर मोफत ॲप मिळतं.

दुकानात पाच मिनिटांत काय तपासाल?

कंपासपेटीतली पट्टी आणि मोबाइलमधलं ट्यूनर ॲप सोबत न्या. वाजवता येत नसलं तरी ही तपासणी कोणालाही जमते.

१) खुंट्या: चारही तारा सुरात लावायला सांगा. पाच मिनिटांनी पुन्हा ट्यूनर पाहा. नव्या तारा थोड्या उतरतातच, पण खुंटी हाताला सैल किंवा खडबडीत फिरत असेल तर तो नग बाजूला ठेवा. दातेरी चाकाच्या खुंट्या नवशिक्याला सोप्या.

२) प्रत्येक पडदा: चार तारा, प्रत्येकीचे पहिले बारा पडदे, म्हणजे अठ्ठेचाळीस सूर. एकेक दाबून छेडा. कुठे झणझण होते का ऐका. आपल्या तंबोऱ्यात घोडीवर मुद्दाम जवारी काढतात, मिरजेचे कारागीर त्यासाठी प्रसिद्धच आहेत. तिथे ती झणझण म्हणजे वाद्याचा प्राण. युकुलेलेत मात्र तो दोष, कारण पडदा वर-खाली बसला आहे असा त्याचा अर्थ.

३) तारांची उंची: बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते पट्टीने मोजा. अडीच ते तीन मिलिमीटर ठीक. चारच्या पुढे असेल तर बोटं दुखतील आणि आठवड्यात वाद्य कपाटावर जाईल.

४) पहिला पडदा: वरच्या टोकाला खाचांची पट्टी असते, जिच्यातून तारा जातात. तिथे तार जास्त उंच असेल तर पहिल्या पडद्यावर सूर चढा लागतो. टेनरची पांढरी तीनची तार पहिल्या पडद्यावर हलकेच दाबा, ट्यूनरने पांढरी चार, म्हणजे एफ दाखवला पाहिजे. काटा बराच उजवीकडे गेला तर दुकानदाराला खाच खोल करून द्यायला सांगा.

५) बारावा पडदा: मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावरची तार, दोन्हींचा सूर एकच, फक्त एक सप्तक वर, यायला हवा. ट्यूनरवर अक्षर तेच दिसेल. काटाही मधोमध राहिला पाहिजे.

६) कडा आणि घोडी: मानेच्या कडेवरून तळहात फिरवा, पडद्यांची टोकं टोचता कामा नयेत. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. शिरला तर घोडी सुटायला लागली आहे.

ऑनलाइन मागवणार असाल तर हीच तपासणी पार्सल उघडल्याच्या दिवशी करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

टेनर घेताना आणखी एक विचारा: वरची तार 'हाय जी' आहे की 'लो जी'? नेहमीच्या टेनरला बहुधा पातळ, हाय जी तार असते, तिचा पंचम षड्जाच्या वर लागतो, टुणटुणीत. लो जी तार जाड, तिचा पंचम मंद्र सप्तकातला. मी लो जी लावून घेतली, एकच तार बदलावी लागते, खाच थोडी रुंद करून. कारण सांगते. आपल्या सगळ्याच चाली कॉर्डमध्ये बसत नाहीत. ओवी, अभंग, जात्यावरची गाणी यांना कॉर्ड लावली की चाल अवघडल्यासारखी होते. तेव्हा मी कॉर्ड सोडून देते आणि अंगठ्याने वरच्या दोनच तारा छेडते: मंद्र प, सा. प, सा. छोटा तंबोराच तो. बॅरिटोनवर हे आपोआपच मिळतं.

आणि हे विसरू नका: गिटारच्या लोखंडी तारा युकुलेलेला कधीही लावू नका. त्यांचा ताण या वाद्याला सोसत नाही, घोडी उपटून येते. बॅरिटोनला त्याच्या तारा मिळाल्या नाहीत तर क्लासिकल गिटारच्या नायलॉन संचातल्या चार तारा वेळेला चालतात, जरा सैल वाटतात एवढंच.

पहिला महिना

नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे पहिले काही दिवस दिवसातून तीन-चार वेळा सूर लावावा लागतो. वाद्य खराब निघालं असं समजू नका. मी तोच वेळ वर्गात वापरते. सूर लावताना मुलांनी डोळे मिटायचे, तार मोबाइलवरच्या सुराला मिळाली असं वाटलं की हात वर करायचा. पहिल्या आठवड्यात हात कुठेही वर होत होते. महिन्याभरात निम्म्याहून अधिक हात योग्य जागी वर व्हायला लागले. परिपाठानंतरची दोन मिनिटं, आणि शांत बसा असं एकदाही म्हणावं लागत नाही.

डाव्या हाताची नखं कापा. दोन आठवडे बोटांची टोकं दुखतील, मग थांबेल. रोज दहा मिनिटं, फक्त पहिल्या दोन कॉर्ड. उजव्या अंगठ्याने वरून खाली, टाळी देतो त्या लयीत. वाद्य भिंतीला लावून ठेवू नका, पावसाळ्यात भिंत ओल धरते. बंद गाडीत किंवा उन्हात उभ्या दुचाकीला अडकवून तर अजिबात नाही, उष्णतेने चिकटवलेले सांधे सुटतात.

आता तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. पहिली ते चौथीला शिकवत असाल, कधीच काही वाजवलं नसेल आणि खिसा बेताचा असेल तर लॅमिनेटचा टेनर, लो जी तार लावून. गिटार येत असेल, मोठ्या मुलांना शिकवत असाल किंवा काळी चार-पाचमध्ये स्वतःच गायचं असेल तर बॅरिटोन आणि कॅपो.

पण दुकानात जायच्या आधी, उद्या शाळेत गेल्यावर एक काम करा. पेटी काढा, नसेल तर मोबाइलवर पेटीचं ॲप घ्या, आणि एकेका मुलाला 'आ' म्हणायला लावून त्याचा आवाज कुठून कुठपर्यंत निघतो ते हजेरीच्या यादीपुढे लिहून ठेवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. वाद्य घ्या किंवा घेऊ नका, ती यादी तुमच्या कामाला येईल. आणि वर्गात बेसूर म्हणून मागे बसणारी मुलं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी निघतील.